सातपुड्याच्या उतारासाठी गवत कोण पारखणार?

सरकारी रोपवाटिकेचे यश रोपांच्या संख्येवरून ठरविण्याची जी सवय आपल्या कारभाराला जडली आहे, तिची परिसीमा २०१९ सालच्या ३३ कोटी वृक्षलागवडीच्या संकल्पात दिसली. परंतु नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या उभ्या उतारांवरून मृगाच्या सरींबरोबर नर्मदेकडे धावणारी माती कोणत्या वनस्पतीची मुळे धरून ठेवतील, या प्रश्नास त्या हिशेबात रकानाच नाही.

अमेरिकेत धुळीच्या वादळांनी शेते उजाड झाल्यानंतर, १९३५ साली स्थापन झालेल्या मृदसंधारण खात्याच्या रोपवाटिकांतून पुढे जी सरकारी वनस्पती-केंद्रे उदयास आली, त्यांचे मुख्य कार्य रोपे वाटण्याचे नव्हते; ठिकठिकाणचे बी गोळा करावे, ते वाफ्यांत शेजारी शेजारी लावून वर्षानुवर्षे पारखावे, आणि जे तगेल त्याचे मूळ बियाणे उत्पादकांच्या हवाली करावे, असा त्यांचा शिरस्ता होता. आपल्याकडे झाशीची चारा संशोधन संस्था १९६२ पासून गवतावर काम करीत आहे, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलाचे सुधारित वाणही दिले आहेत. मात्र तेथे मुख्य विचार गुरांच्या वैरणीचा, आणि तो यथायोग्यच आहे. माती अडविण्याचे म्हणाल, तर उन्हाळ्यात ज्याचे पडदे आपण दारावर टांगतो, त्या वाळ्याच्या जिवंत बांधांचा पुरस्कार जागतिक बँकेने १९८० नंतर देशोदेशी केला, हे आपल्यापैकी कितीजणांच्या कानी आले असेल?

शिवाय हा जिल्हा एकजिनसी नव्हे. नवापूरचे पर्जन्यमान नंदुरबार तालुक्याहून पुष्कळ अधिक, तापीकाठी काळी कसदार जमीन, तर तोरणमाळच्या आसपास खडकावर मातीचा पातळ थर. तेव्हा मुंबईहून सुटलेल्या एकाच फर्मानाने सर्वत्र एकच रोप लावणे म्हणजे परीक्षेवाचून निकाल जाहीर करणे होय.

म्हणून माझी तजवीज अशी की, धडगाव परिसरात उतारावरची थोडी सरकारी जमीन या एकाच कामासाठी राखून ठेवावी. तेथे मारवेल, पवन्या, वाळा, बांबू, मोह आणि चारोळी यांचे स्थानिक वाण लावून किती माती अडली, याची मोजदाद व्हावी. निवडसमितीत २००६ च्या कायद्यान्वये सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांतील भिल्ल व पावरा स्त्री-पुरुषांस मतासह स्थान द्यावे, कारण बकऱ्यांच्या तोंडातून वाचून पुन्हा फुटणारे गवत कोणते, हे त्यांस ठाऊक आहे. आणि खर्चाची मंजुरी मार्चअखेरीपुरती न देता निदान दहा पावसाळ्यांची द्यावी.