कॅमेरा दसऱ्याला घेऊ की पाडव्याला?



गणपती गावाला गेले, मोदक संपले आणि आमच्या टपालात एक चार पानी पत्र येऊन पडलं. बारामतीजवळच्या एका गावातून, नववीतल्या मैत्रिणीचं. "नाव छापू नका" असं तिनं खाली दोनदा लिहिलंय, कारण विषय पैशांचा आहे आणि थोरल्या दादाला पत्ता लागता कामा नये! तेव्हा आपण तिला नुसतं 'पाखरूवाली' म्हणू या.

तर ही पाखरूवाली गेली तीन वर्षं भाऊबीज, राखीची ओवाळणी, आजोबांनी दिलेले पैसे, शिष्यवृत्तीचे पैसे, सगळं साठवतेय. जमलेत एकवीस हजार चारशे. तिचे बाबा म्हणाले, "पंचवीस हजार मी घालतो. पण एकदाच हं, पुन्हा मागायचं नाही." तिला कॅमेरा हवाय. कारण तासाभराच्या अंतरावर भिगवण आहे. तिथे उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित येतात, पट्टकादंब येतात. कुंभारगावाहून होडीत बसायचं आणि पाण्यावरचे पक्षी बघायचे. मोबाइलवर काढलेल्या फोटोत तिचे रोहित म्हणजे नुसते गुलाबी ठिपके दिसतात म्हणे.

तिचा प्रश्न असा : "काका, दसऱ्याच्या सेलमध्ये घेऊ, दिवाळीच्या पाडव्याला घेऊ, की नाताळच्या सेलपर्यंत थांबू? सगळ्यात स्वस्त कधी मिळेल?"

प्रश्न सोपा वाटतो ना? पण मला आधी दुसराच प्रश्न पडला. पक्षी कधी येणार? कारण पट्टकादंबांना काही सेलची जाहिरात वाचता येत नाही! ते थंडी बघून येतात आणि उन्हाळा लागला की निघून जातात. डिसेंबर ते फेब्रुवारी हे तिचे खरे दिवस. म्हणून मोजणी उलटीकडून करायची. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होडीत बसायचं असेल, तर त्याआधी निदान महिनाभर कॅमेरा हातात हवा. घरामागच्या चिमण्या-बुलबुलांवर हात बसवायला हवा. आणि त्याच्याही आधी आठ-दहा दिवस वस्तू नीट तपासायला हवेत. एवढं मागे मोजलं की बोट बरोबर दसरा-दिवाळीवर येतं. नाताळचा सेल आपोआप गळला. तेव्हा हजार रुपये कमी पडतील कदाचित, पण अर्धा हंगाम गेलेला असेल.

आता सेलची गंमत बघा. आपल्याकडे साडेतीन मुहूर्त. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा हे तीन पूर्ण, आणि दिवाळीतला पाडवा अर्धा. पितृपक्षात बरीच मंडळी मोठी खरेदी टाळतात, दुकानदार माश्या मारत बसतात, आणि घटस्थापना झाली की बाजार एकदम जागा होतो. इंटरनेटवरच्या दुकानांनाही हे पंचांग पाठ आहे बरं का! २०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला होती. दोन मोठ्या दुकानांचे सेल सुरू झाले २३ सप्टेंबरला. तो काय योगायोग? त्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला आणि दिवाळीचा पाडवा २२ ऑक्टोबरला होता. म्हणजे 'आजच घ्या, आजच घ्या' असा आरडाओरडा महिनाभर चालू होता. एक दिवस हुकला म्हणून आभाळ कोसळत नाही.

पण "खरंच स्वस्त होतं का?" हे कसं ओळखायचं? त्याला एकच उपाय, आणि तो फुकट आहे. वही! आजपासून दर रविवारी तुमच्या कॅमेऱ्याची किंमत दोन-तीन ठिकाणी बघून वहीत लिहा. तारीख घाला. जाहिरातीतली सवलत ही बहुतेक वेळा छापील किमतीवर मोजलेली असते आणि छापील किमतीला एरवीसुद्धा फारसं कोणी विकत नाही. समजा, छापील किंमत ५२ हजार आहे. सेलमध्ये मिळतोय ४३ हजार ९००ला. जाहिरात म्हणणार, "८,१०० रुपयांची बचत!" पण तुमच्या वहीत ऑगस्टभर ४४ हजार ५०० लिहिलेलं आहे. मग बचत किती झाली? सहाशे! सहाशे रुपये वाईट नाहीत, पण सहाशेसाठी रात्री बारा वाजता घरातल्या सगळ्यांना उठवून बसायचं का, हे तुम्हीच ठरवा.

बँकेच्या कार्डावरच्या सवलतीचं तसंच. 'दहा टक्के सूट' ठळक अक्षरात, आणि 'जास्तीत जास्त दीड हजार' मुंगीएवढ्या अक्षरात. ते कार्ड घरात असेल तरच तिचा उपयोग. 'बिनव्याजी हप्ते' म्हणतात त्यातही एक खोच असते. बँक व्याज लावते, तेवढी रक्कम आधी सूट म्हणून वजा करून दाखवतात, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी मात्र आपल्यालाच भरावा लागतो. कधी वर प्रक्रिया शुल्कही असतं. पाखरूवालीकडे रोख पैसे आहेत, तिनं या फंदात पडायचं कारणच नाही.

आणि कितीही हिशेब केला तरी सगळंच काही आपल्या हातात नसतं. २०१८ची दिवाळी ७ नोव्हेंबरला होती. तेव्हा डिजिटल कॅमेऱ्यावर जीएसटी होता २८ टक्के. लोकांनी हौसेनं कॅमेरे घेतले. २२ डिसेंबरला जीएसटी परिषदेनं ठरवलं आणि १ जानेवारी २०१९पासून तो कर झाला १८ टक्के! मूळ किंमत ३० हजार धरली तर सरळ तीन हजारांचा फरक. पण दिवाळीत घेतलेल्यांनी काय आधी दिल्लीला जाऊन विचारायचं होतं? अशा वेळी हळहळत बसू नये. ज्यांनी घेतला त्यांनी दोन महिने फोटोही काढलेच ना!

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. फजिती तरी कशी म्हणू? ही गोष्ट आठवली की अजून पोटात कालवतं.

काही वर्षांपूर्वी मीही असाच सेलची वाट बघत बसलो. आज कमी होईल, उद्या कमी होईल, असं करता करता धनत्रयोदशी उजाडली. संध्याकाळी एका दुकानात गेलो. ही गर्दी! कॅमेऱ्याबरोबर बॅग फुकट, ट्रायपॉड फुकट, ६४ जीबीचं मेमरी कार्डही फुकट. मी खूश. घरी येऊन ते कार्ड तसंच आत सरकवलं आणि सुटलो फोटो काढत. कंदील, किल्ला, फराळ, फटाके. फटाक्यांचे तर व्हिडिओच व्हिडिओ.

त्या वर्षी भाऊबीजेला माझ्या आजीचा भाऊ कोकणातून आला होता. नऊ वर्षांनी. आजी शहाऐंशीची, मामाआजोबा ब्याऐंशींचे. आजीनं थरथरत्या हातानं त्यांना ओवाळलं आणि मामाआजोबांनी शंभराची नोट ताटात टाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मी सगळं टिपलं. निदान मला तसं वाटलं.

चार दिवसांनी कार्ड संगणकाला लावलं. लक्ष्मीपूजनापर्यंतचे फोटो ठीक. त्यानंतरचे एकही उघडेना. कुठे अर्धा फोटो आणि खाली राखाडी पट्टा, कुठे काहीच नाही. कार्डावर ६४ लिहिलेलं होतं, पण आत जागा जेमतेम आठ जीबीची. अशा खोट्या कार्डात आतल्या इलेक्ट्रॉनिक चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. ती कॅमेऱ्याला सांगते, "जागा आहे हो, येऊ द्या!" आणि कॅमेरा बिचारा निमूट फोटो पाठवत राहतो. ते जातात कुठे? कुठेच नाही.

दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, "फुकटच्या वस्तूची गॅरंटी नसते." बिलावर कार्डाचा उल्लेखसुद्धा नव्हता. पुढच्या भाऊबीजेला आजी नव्हती.

दुकानदारावर मी पुष्कळ चिडलो. पण खरं सांगू का? दोन हजार रुपये वाचवण्यासाठी मी शेवटच्या संध्याकाळपर्यंत थांबलो नसतो, तर कार्ड तपासायला वेळ मिळाला असता.

म्हणून पाखरूवाली, कॅमेऱ्यापेक्षा त्याच्या लवाजम्याकडे जास्त डोळे उघडे ठेवून बघ. सेलमध्ये माणूस फसतो तो बहुधा इथेच. मेमरी कार्ड वेगळं घे, पक्क्या बिलावर घे, आणि आणल्या दिवशी संगणकावरून मोठमोठ्या फाइली घालून ते गच्च भर. मग त्याच फाइली परत काढून उघडून बघ. उघडल्या की कार्ड खरं. शाळेतल्या संगणकावर सरांना विचारून करता येईल. १२८ जीबीच्या मोहात पडू नकोस. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा साधा जेपेग फोटो साधारण आठ-दहा एमबीचा, म्हणजे ३२ जीबीतही तीनेक हजार फोटो बसतात. कार्डावर वेगाची खूण असते. 'व्ही ३०' किंवा इंग्रजी यू अक्षराच्या आत ३ असेल तर सेकंदाला निदान ३० एमबी लिहिण्याची हमी. उडत्या पक्ष्यांचे भराभर फोटो काढताना तीच कामी येते.

फुकटचा ट्रायपॉड फुकटच असतो. जरा वारा आला की थरथरतो. होडीत तर त्याचा काही उपयोगच नाही, कारण होडी स्वतःच हलते! फिल्टर घ्यायचाच असेल तर लेन्सच्या तोंडावर रेघ मारलेल्या शून्यासारखी खूण असते, तिच्या शेजारचा आकडा बघ. ५८ असेल तर ५८चाच फिल्टर बसेल, ५५चा नाही. जादा बॅटरी मात्र घे. होडी मध्यावर गेल्यावर बॅटरी संपली तर चार्जिंगला प्लग नसतो तिथे.

लेन्सचं सांगायचं राहिलंच की! 'कॅमेरा आणि लेन्स' अशा जोडीत बहुधा १८-५५ची लेन्स येते. घरच्या फोटोंना झकास. पण तिनं रोहित मोबाइलसारखेच ठिपके दिसतील. पक्ष्यांसाठी निदान २५० किंवा ३००पर्यंत जाणारी लेन्स हवी. पैसे तिथे जाऊ देत. नाहीतर लेन्स न बदलणारा, पण लांबचं जवळ आणणारा कॅमेरा मिळतो, तोही बघ. एक आणखी. २०१८मध्ये कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी नवी जोडणी आणली. जुन्या लेन्स जोडपट्टी लावून नव्या कॅमेऱ्यावर चालतात, पण नव्या लेन्स जुन्यावर बसत नाहीत. सेलमध्ये लेन्स वेगळी स्वस्तात दिसली की झडप घालू नका, आधी ती कुठल्या जोडणीची ते बघा.

पडद्यावर 'फक्त दोन शिल्लक!' असं लुकलुकलं की छातीत धडधडतं ना? त्यासाठीच ते असतं. ३० नोव्हेंबर २०२३ला केंद्र सरकारनं अशा तेरा क्लृप्त्यांना मनाई करणारे नियम काढले. खोटी घाई करणं त्यात आहे, न विचारता टोपलीत वस्तू सरकवणंही आहे. तरी पैसे भरण्याआधी यादी मोठ्यानं वाचायची. जादा वॉरंटी, विमा असं काही आत शिरलेलं असेल तर काढून टाकायचं. आणि बटण आईनं किंवा बाबांनी दाबायचं, तुम्ही नाही.

खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. कॅमेऱ्यावरचा, खोक्यावरचा आणि बिलावरचा क्रमांक एकच आहे ना, ते बघा. परत करण्याची मुदत किती दिवसांची ते आधीच वाचून कॅलेंडरवर गोल करा. त्या मुदतीत रोज फोटो काढा, अंधारात, उन्हात, जवळून, लांबून. दाद मिळालीच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

तर पाखरूवाली, माझं मत विचारशील तर असं. घटस्थापनेपासून वही घेऊन बस. वहीतल्या सगळ्यात कमी आकड्याच्या जवळपास भाव आला, की दसऱ्याला घेऊन टाक. नाहीच आला तर पाडवा आहे. दिवाळीत नवे कॅमेरे घेणारे लोक जुने विकायला काढतात, त्यातही एखादा चांगला मिळू शकेल. मात्र ओळखीतलाच घे आणि त्याचं शटर किती वेळा उघडलंय ते विचार. पाडव्याच्या पुढे थांबू नकोस. आणि ४६ हजार ४०० सगळे एकदम संपवू नकोस, होडीचं भाडं बाजूला ठेव.

पहिला फोटो हलला तरी चालेल, पण आम्हाला पाठव. आणि काळजी करू नकोस, दादाला आम्ही काहीही सांगितलेलं नाही!

तुमचा,
काका