बीड येथे विभागीय मानवी हक्क प्रशिक्षण केंद्र स्थापन करण्याबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

ऊसतोडीला निघण्याआधी जोडपे मुकादमाकडून उचल घेते आणि स्टॅम्पपेपरवर अंगठा उठवते. हंगाम सरतो, उचल फिटत नाही, मग घरातले एखादे माणूस अडकवून ठेवले जाते. बाई ठाण्यात गेली की ऐकते, “हा देण्याघेण्याचा मामला, कोर्टात जा.” आमच्या सभासदांना हे वाक्य पाठ झाले आहे. वास्तविक १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचे कलम १५ सांगते की, कर्ज वेठबिगारीचे नाही हे धनकोनेच सिद्ध करायचे. ठाणे अंमलदाराला हे ठाऊक नसेल, तर त्याला ते कधी कुणी शिकवलेले नाही.

राज्य मानवी हक्क आयोग २००१ पासून मुंबईत आहे. हक्कांविषयी लोकांना साक्षर करणे हे १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याने, कलम १२ अन्वये, त्याचेच काम. मात्र कलम ३६ प्रमाणे घटनेला वर्ष उलटले की आयोगाला चौकशी करता येत नाही. आमचे निम्मे वर्ष कोल्हापूर-सांगलीच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडावर जाते. गावी आल्यावर अर्ज कुठे द्यायचा हे कळेपर्यंत मुदत टळते.

म्हणून बीडला शासनाच्या खर्चाने कायमचे केंद्र हवे. पुण्यात यशदा ही प्रशिक्षण संस्था आहे, हे उत्तर आम्हांला नको. मजुरी बुडवून धारूरची बाई पुण्याला जाणार नाही. ठाणे अंमलदार, तलाठी, ग्रामसेवक यांना इथे सक्तीने पाठवावे. आशाताईंनाही घ्यावे: ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न गाजल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, पण कोणत्या घरातल्या बाईचे ऑपरेशन झाले हे आशाताईंना आधीच माहीत असते. ते कुणाला लेखी कळवायचे, एवढे तरी त्यांना शिकवा.

शिकवणी भाषणांची नको. उचलीचा करार, अटकेचा पंचनामा, तक्रारअर्ज हे कागद हातात देऊन शिकवावे. मुकादमांनाही बोलवावे, आमच्यातल्या काहींना हे रुचलेले नाही, तरी संघटनेचा ठराव तसाच आहे.

सल्लागार समितीत निम्म्या जागा ऊसतोड महिलांना द्याव्यात. मजुरांसाठीचे वर्ग पावसाळ्यातच घ्यावेत, कारण दसऱ्यानंतर गावात म्हातारी माणसेच उरतात. येत्या अर्थसंकल्पात तरतूद करून पहिली तुकडी पोळ्यापूर्वी बसवावी.

आपले,
अध्यक्ष व सभासद, ऊसतोड मजूर संघटना