घर ही भीक नव्हे



निगडीची ओटा स्कीम तुम्हांपैकी अनेकांच्या परिचयाची आहे. ओटा म्हणजे जोते. ते सरकारने द्यावयाचे. भिंती व छप्पर रहिवाशाने उभारावयाचे. घराविषयी आपल्या कायद्याने गरिबाला दिलेला हक्कही अद्याप ओट्याएवढाच आहे.

राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांत निवाऱ्याचा शब्दाने उल्लेख नाही. तो न्यायालयांनी कलम 21 मधील जीविताच्या हक्कातून काढला. मुंबईच्या पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका ही जीविताचाच भाग मानली. मात्र झोपड्या हटविण्यास मनाई केली नाही. पावसाळा उलटेपर्यंत मुदत तेवढी दिली. पुढे चमेली सिंग खटल्यात दलितांच्या घरांसाठी जमीन घेण्यास जमीनमालकांनी विरोध केला, तेव्हा 1995 साली त्याच न्यायालयाने निवारा हा जीविताच्या हक्कात येतो असे सांगून तो विरोध फेटाळला. हा निकाल आपल्या लोकांना फारसा माहीत नाही, याचे आम्हांस वाईट वाटते.

आणि घर कोठे मिळते हेही पाहिले पाहिजे. निगडीच्याच सेक्टर 22 मधील पुनर्वसनाच्या इमारती देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीच्या रेड झोनच्या वादात सापडून न्यायालयात गेल्या. मनुष्याला झोपडीतून काढून अशा जागी नेणे याला पुनर्वसन कसे म्हणावे?

आता तुमच्या मनातील भीतीविषयी. दीक्षा घेतलेली काही कुटुंबे घरकुलाच्या अर्जात अजूनही 'हिंदू' लिहितात. ही भीती निराधार नव्हती. 1956 नंतर केंद्राच्या सवलती धर्मांतरितांना नाकारल्या गेल्या होत्या. परंतु 1990 साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला. महाराष्ट्राची रमाई आवास योजना तर अनुसूचित जातींबरोबर नवबौद्धांसाठीच आहे. तेव्हा धर्म 'बौद्ध' असाच लिहा, आणि मूळ जातीचा दाखला वेळीच काढून ठेवा. माता रमाईंच्या नावाचे घर धर्म लपवून मागण्याचे कारण नाही.

घर पाडण्याची नोटीस आली तर? 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालाने किमान 15 दिवसांची नोटीस व म्हणणे मांडण्याची संधी आवश्यक ठरविली. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरील अनधिकृत बांधकामांना मात्र हे संरक्षण नाही. आमच्याकडे लोक बहुधा भिंत पडल्यावर नोटीस घेऊन येतात. ती हाती पडताच मिळाल्याची तारीख घालून सही करा, मुदतीत लेखी उत्तर द्या आणि त्या उत्तराची पोच घ्या.