जनगणनेत जात मोजणार, मग मृत्यूच्या आकडेवारीत का नाही?

येत्या जनगणनेत सर्व जातींची नोंद होणार, असे केंद्र सरकारने 30 एप्रिल 2025 रोजी जाहीर केले. तेव्हापासून वस्त्यांत काम करताना आम्हाला एक प्रश्न सारखा ऐकू येतो: "आपण बौद्ध झालो, मग जात कशाला लिहायची?" याचे उत्तर बहुतेक जण आरक्षणाच्या अंगाने देतात. आम्हाला ते आरोग्याच्या अंगाने द्यायचे आहे.

‘पीएनएएस’ या शास्त्रीय नियतकालिकात 2022 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ राज्यांतील सरकारी पाहणीच्या आधारे संशोधकांनी आयुर्मान काढले. उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक, तर आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी निघाले. यातला निम्म्याहून कमी फरक गरिबीने स्पष्ट होतो. म्हणजे पैसा हातात आला तरी दरी पूर्ण बुजत नाही. उरलेली कारणे वस्तीतल्या गटारात, वाट्याला आलेल्या कामात आणि दवाखान्यातल्या वागणुकीत शोधावी लागतात. या नऊ राज्यांत महाराष्ट्र नाही.

असे आकडे दरवर्षी सरकारनेच का देऊ नयेत? नमुना नोंदणी योजना, म्हणजे एसआरएस, आयुर्मानाचे तक्ते प्रसिद्ध करते. त्यात राज्य, स्त्री-पुरुष, ग्रामीण-शहरी असे भेद असतात. सामाजिक गट नसतो. अमेरिकेत मृत्यूच्या दाखल्यावर वंशाची नोंद असते. म्हणून 2021 मध्ये तिथल्या कृष्णवर्णीयांचे आयुर्मान गोऱ्यांपेक्षा सुमारे साडेपाच वर्षांनी कमी होते, हे सरकारी आकड्यांतूनच सांगता येते. त्याच वर्षी तिथल्या रोग नियंत्रण केंद्राच्या संचालकांनी वंशभेद हा सार्वजनिक आरोग्याला गंभीर धोका असल्याचे जाहीर केले. तिथला अन्याय त्यामुळे संपला नाही, पण तो नाकारणे अवघड झाले.

जनगणनेतून कोणत्या समाजाची किती माणसे आहेत, हे कळेल. त्यातली किती माणसे कोणत्या वयात आणि कशाने गेली, हे मृत्यूच्या नोंदीतूनच कळणार. दर काढायला दोन्ही आकडे लागतात.

म्हणून राष्ट्रीय धोरणाकडे आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, एसआरएसचे आयुर्मान आणि बालमृत्यूचे आकडे सामाजिक गटानुसार दरवर्षी जाहीर करावेत.

दुसरी मागणी पैशाची. राष्ट्रीय आरोग्य धोरण, 2017 ने सरकारी आरोग्यखर्च 2025 पर्यंत जीडीपीच्या 2.5 टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता, आणि देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला 39.4 टक्के भार लोकांनी थेट खिशातून उचलला. सरकारी दवाखान्यात औषध नसले की त्याची झळ आधी रोजंदारीवरच्या घराला बसते. वाढीव निधी आधी अशा वस्त्यांतल्या दवाखान्यांवर खर्च व्हावा.

तिसरी मागणी सफाई कामगारांची. हाताने मैला साफ करण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मृत्यू झाल्यास वारसांना 30 लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितले. पण भरपाई माणूस गेल्यावर मिळते. तो कामावर असतानाच, कंत्राटी असला तरी, त्याची नियमित तपासणी आणि उपचार ही ज्या संस्थेचे काम तो करतो तिची जबाबदारी ठरली पाहिजे.

1928 साली मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. कष्टकऱ्यांचे आरोग्य हा केवळ त्यांच्या घरचा प्रश्न नाही, हा विचार आपल्या चळवळीला नवा नाही.

आता वस्तीतल्या त्या प्रश्नाकडे. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. तेव्हा प्रगणक दारात आल्यावर धर्म बौद्ध सांगा आणि अनुसूचित जातीच्या यादीतले आपल्या जातीचे नावही सांगा. धम्म ही आपली ओळख आहे. जातीचा रकाना हा जातीने आपले काय केले, याचा हिशेब आहे. तो कोरा राहिला, तर आपली माणसे लवकर का जातात, हे विचारायला आपल्या हातात आकडाच उरणार नाही.