अनुदान आणि कचेरीची पायरी

अमेरिकेत शेतीसाठी मंजूर होणाऱ्या निधीचे आकडे मोठे असतात. २०२२ च्या महागाई नियंत्रण कायद्याने तर केवळ माती, पाणी आणि पर्यावरण यांच्या संवर्धनाच्या शेतीयोजनांसाठी सुमारे १९.५ अब्ज डॉलरची जादा तरतूद केली. मात्र ग्रामीण काउंटीतील, म्हणजे राज्याखालच्या आणि लोकसंख्येने अनेकदा महाराष्ट्रातील तालुक्याहूनही लहान असलेल्या प्रशासकीय घटकातील, शेतकऱ्याला या आकड्यांचा उपयोग होण्यासाठी जवळच्या कचेरीत त्याच्या शेताची नोंद असावी लागते, त्याचे ऐकून घेणारा माणूस तेथे असावा लागतो आणि काम सुरू करण्यापुरता पैसा त्याच्या गाठीला असावा लागतो. मदत कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, याचा निकाल बहुतेक वेळा याच तीन गोष्टींवर लागतो.

ही व्यवस्था ज्या विचारातून उभी राहिली, तो विचार आजही आदर वाटावा असा आहे. १९३० च्या दशकात मैदानी प्रदेशातील सुपीक माती धुळीच्या वादळांतून उडून जात असताना ह्यू हॅमंड बेनेट या मृदाशास्त्रज्ञाने जमिनीची धूप ही राष्ट्रीय आपत्ती असल्याचे शासनाला पटवून दिले, आणि एप्रिल १९३५ मध्ये मृदसंधारणाचा कायदा होऊन त्यासाठी स्वतंत्र सेवा स्थापन झाली. वॉशिंग्टनहून आलेल्या हुकमाने बांधबंदिस्ती होणार नाही, हे ओळखून अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३७ मध्ये सर्व राज्यांना एक नमुना कायदा पाठविला, ज्यातून ‘मृदसंधारण जिल्हे’, म्हणजे स्थानिकांच्या सहभागाने चालणाऱ्या आणि सरकारी तंत्रज्ञांच्या साहाय्याने काम करणाऱ्या संस्था, आकाराला आल्या. त्यांतला पहिला, ब्राउन क्रीक, नॉर्थ कॅरोलिनात बेनेट यांच्याच जन्मस्थानी, ॲन्सन काउंटीत, स्थापन झाला. आज देशभर असे सुमारे तीन हजार जिल्हे आहेत. तंत्रज्ञाने शेतकऱ्याबरोबर शेत पायाखाली घालावे, उतार, ओढे आणि मातीचा पोत पाहून त्या शेतापुरता आराखडा करावा आणि पैशाची गोष्ट त्यानंतर काढावी, हा या रचनेचा गाभा होता.

कालांतराने या गाभ्याभोवती कागदांचे थर चढले. आज कर्ज, आपत्ती-साहाय्य आणि धूपप्रवण जमीन दहा ते पंधरा वर्षे पिकाखालून काढून तिच्यावर गवत वा झाडे राखल्याबद्दल मिळणारे वार्षिक भाडे कृषी खात्याच्या ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’कडे असते. तांत्रिक सल्ला आणि संवर्धनकामांचे अनुदान ‘नॅचरल रिसोर्सेस कन्झर्व्हेशन सर्व्हिस’ या, बेनेट यांच्या सेवेच्या आजच्या रूपाकडे असते. आणि राज्याचा खर्चवाटा स्थानिक मृदसंधारण जिल्ह्यातून येतो. अर्ज करण्यापूर्वी फार्म नंबर, म्हणजे जमिनीची मालकी वा वहिवाट कोणाची हे दाखविणारा नोंदक्रमांक, लागतो; शिवाय धूपप्रवण आणि पाणथळ जमिनीसंबंधीच्या अटी पाळल्या जातील असे लेखी द्यावे लागते. अर्ज वर्षभर स्वीकारले जात असले तरी त्यांची निवड ठरावीक तारखांना गुणानुक्रमाने होते आणि निधी अर्जांना पुरत नाही. करारावर सही होण्याआधी काम सुरू केले तर त्या कामाचे पैसे मिळत नाहीत, आणि एरवीही खर्चाचा जास्तीत जास्त तीनचतुर्थांश वाटा काम पूर्ण होऊन तपासले गेल्यावरच हाती येतो. नवखे, अल्पसाधन आणि माजी सैनिक असलेल्या शेतकऱ्यांसाठी हा वाटा ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो व निम्मी रक्कम आगाऊ घेण्याची सोयही आहे. ही सोय या सगळ्या नियमावलीतील सर्वांत शहाणपणाची तरतूद म्हणावी लागेल, कारण गाठीला पैसा नसलेल्या माणसाला नंतर मिळणारे अनुदान मुळात घेताच येत नाही.

स्थानिक लोकांच्या हाती निर्णय दिला की न्याय आपोआप होतो, असे मात्र या इतिहासावरून म्हणता येत नाही. फार्म सर्व्हिस एजन्सीच्या काउंटी समित्या शेतकऱ्यांनीच निवडून दिलेल्या असतात, आणि दक्षिणेकडील अनेक काउंटींत कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचे कर्जअर्ज पेरणीचा हंगाम उलटेपर्यंत अडवून ठेवले गेले किंवा नाकारले गेले, अशी तक्रार याच व्यवस्थेविरुद्ध झाली. नॉर्थ कॅरोलिनातील शेतकरी टिमथी पिगफर्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दाव्यात १९९९ मध्ये तडजोड होऊन सुमारे एक अब्ज डॉलर भरपाई द्यावी लागली, आणि २०१० मध्ये आणखी १.२५ अब्ज डॉलरची तडजोड झाली. मृत्युपत्राविना पिढ्यान्‌पिढ्या सामाईक राहिलेल्या जमिनीवरील वहिवाटदारांना तर फार्म नंबरच मिळत नसे. त्यांना पर्यायी पुरावे देण्याची मुभा २०१८ च्या कृषी कायद्याने दिली, तोवर कितीतरी कुटुंबांच्या हातून जमीन गेली होती.

२०२५ च्या प्रारंभी महागाई नियंत्रण कायद्याखालील निधी अचानक गोठविला गेला, तेव्हा करार करून स्वतःचा पैसा आधीच खर्चलेले शेतकरी उघडे पडले. त्याच वर्षी कृषी खात्यातील १५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छेने नोकरी सोडण्याची योजना स्वीकारली. काउंटीच्या कचेरीतला एक अनुभवी माणूस गेला की त्याच्याबरोबर शेताशेताची माहितीही जाते, आणि ती कोणत्याही संगणकप्रणालीत शोधून सापडत नाही. काटकसरीच्या नावाखाली झालेले हे नुकसान भरून यायला वर्षे लागतील.

महाराष्ट्राला यातले बरेच काही ओळखीचे वाटेल. राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करायचा, निवड झाल्यावर ठिबक संच पदरच्या पैशाने बसवायचा आणि अनुदान खात्यात जमा होण्याची वाट पाहायची, या क्रमात अल्पभूधारकाला आधी सावकाराचे किंवा दुकानदाराचे दार गाठावे लागते. सातबाऱ्यावर अजूनही आजोबांचेच नाव असलेला, किंवा दुसऱ्याची जमीन तोंडी करारावर कसणारा शेतकरी तर अर्जाच्या पहिल्याच पानावर अडतो. अल्पभूधारकांना अनुदानाचा काही भाग आगाऊ देणे, वारसनोंदींची प्रलंबित प्रकरणे गावात बसून निकाली काढणे आणि कृषी सहायकांची रिक्त पदे भरून त्यांच्याकडील गावे कमी करणे, ही कामे नवी योजना जाहीर करण्याइतकी आकर्षक नाहीत. पण राज्याच्या पुढील अर्थसंकल्पात कृषी खात्याने नव्या योजनेआधी याच तीन कामांसाठी पैसा मागावा.