शंका रास्त, वकील चुकीचा

अमेरिकेतल्या पुरोगामी मंडळींत सध्या एक प्रश्न फार चघळला जातो. सेंद्रिय भाजीपाला आणणाऱ्या, बाळाला दोन-दोन वर्षे अंगावर पाजणाऱ्या, सुईणीच्या हातून घरी बाळंत होणाऱ्या आणि आजवर डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणाऱ्या काही आया रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांच्या मागे कशा गेल्या? हे पर्यावरणवादी वकील ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रम्प यांना जाऊन मिळाले आणि या बायकाही त्यांच्यापाठोपाठ गेल्या. पुरोगाम्यांचे उत्तर तयारच होते: या बायका खात्यापित्या घरच्या, फावल्या वेळात विज्ञानाशी वैर धरणाऱ्या, म्हणून भुलल्या.

उत्तर सोयीचे आहे, पण खरे नाही. डॉक्टरांना जाब विचारणे हे अमेरिकी स्त्रीमुक्ती चळवळीचे मूळ भांडवल. जानेवारी १९७० मध्ये सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या समितीपुढे गर्भनिरोधक गोळीच्या दुष्परिणामांची सुनावणी चालू होती. साक्षीला तज्ज्ञांची रांग होती. रोज ती गोळी गिळणारी बाई मात्र एकही नाही. प्रेक्षकांत बसलेल्या कार्यकर्त्या ॲलिस वुल्फसन आणि त्यांच्या मैत्रिणी भर सभागृहात उभ्या राहिल्या आणि ओरडून विचारू लागल्या, आमची साक्ष का नाही? पुरुषांसाठी गोळी का नाही? त्याच वर्षी गोळीच्या पाकिटात धोक्याची माहिती देणारा कागद घालण्याचे बंधन आले. पुढच्या वर्षी ‘डीईएस’चे प्रकरण बाहेर पडले. गर्भ पडू नये म्हणून गर्भवतींना दिले जाणारे हे औषध १९५३ मध्येच चाचणीत निरुपयोगी ठरले होते, तरी ते दिले जात राहिले. त्या गर्भारपणातून जन्मलेल्या काही मुलींना ऐन तारुण्यात योनिमार्गाचा कर्करोग झाला. अशा देशातली आई औषधाची बाटली दोनदा उलटून पाहते, तर तिला अडाणी कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आणि हा जुना इतिहास झाला असेही नाही. २०१७ मध्ये बाळंतपणानंतर फुफ्फुसात गुठळी झाली तेव्हा सेरेना विल्यम्सलासुद्धा स्कॅनसाठी परिचारिकेशी हुज्जत घालावी लागली. तिथे शंभरातली बत्तीस बाळंतपणे सिझेरियनने होतात. काळ्या मातांचा मृत्युदर गोऱ्या मातांच्या जवळपास तिप्पट आहे. करोनाची लस घेतल्यावर पाळी पुढे गेली, असे बायका सांगू लागल्या तेव्हा त्यांना मनाचे खेळ म्हणून वाटेला लावले गेले. जानेवारी २०२२ मध्ये एक नीट अभ्यास प्रसिद्ध झाला: पाळी सरासरी एक दिवसाहून कमी लांबते आणि बदल तात्पुरता असतो. एवढेच सांगायचे होते. आधीच कुणी ऐकून घेतले असते, तर भीतीच्या दुकानदारांना गिऱ्हाईक कमी मिळाले असते.

राजकारणातही तेच. जून २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला आणि डेमोक्रॅटिक पक्षाची सगळी ताकद तिकडे लागली. ती लागायलाच हवी होती. पण मूल हवे असलेल्या बाईच्या पदरात काय पडले? १९९३ चा कायदा बारा आठवड्यांची रजा देतो, तीही बिनपगारी आणि पन्नासहून कमी माणसांच्या आस्थापनांना सूट देऊन. २०२१ मध्ये चार आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद प्रतिनिधिगृहाने मंजूर केली. सिनेटमध्ये ती अडली, ती डेमोक्रॅटांच्याच एका सदस्यापायी.

इथवर मी या आयांच्या बाजूने आहे. पण म्हणून केनेडी त्यांचे वकील ठरत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ रोजी व्हाइट हाउसमध्ये आरोग्यमंत्री केनेडींच्या उपस्थितीत ट्रम्प यांनी गर्भवतींना बजावले की टायलेनॉल, म्हणजे आपली पॅरासिटामॉल, घेऊ नका, सोसा. त्यातून म्हणे मुलाला स्वमग्नता येते. स्वीडनमधल्या सुमारे पंचवीस लाख मुलांच्या अभ्यासात सख्ख्या भावंडांची तुलना केल्यावर असा संबंध दिसला नव्हता. गरोदरपणात अंगावर काढलेला तापच गर्भाला बाधू शकतो, ही गोष्ट वेगळीच. एके काळी आईच्या मायेत ओलावा नाही म्हणून मूल स्वमग्न होते, असे तिथले मानसतज्ज्ञ सांगत. आता तिने गोळी घेतली म्हणून होते! आरोपी बदलला नाही, फक्त कलम बदलले.

बाकीचा हिशेबही पाहा. १९८७ पासून गर्भवती आणि नवमातांच्या अनुभवांची माहिती गोळा करणाऱ्या ‘प्रॅम्स’ या सरकारी उपक्रमाचे कर्मचारी एप्रिल २०२५ मध्ये घरी बसवले गेले. जूनमध्ये लशींवरच्या सल्लागार समितीचे सर्व सतरा सदस्य काढले. त्याच वर्षी टेक्सासात लस न घेतलेली दोन मुले गोवराने दगावली. आणि ज्या रसायनांच्या धास्तीने या आया पाण्याला गाळणी लावतात, त्यांतल्या काहींवरची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा मागे घेण्याचे याच सरकारने मे महिन्यात जाहीर केले. सत्तरच्या त्या बायका अधिक पुरावा आणि अधिक नियमन मागत होत्या. इथे पुरावा गोळा करणारेच हाकलले जात आहेत. याला त्यांचा वारसा म्हणणे ही शुद्ध लबाडी आहे.

परंपरा की वैद्यक, हा झगडाही मुळात खोटाच. आनंदीबाई जोशींचे बाळ दहा दिवसांत गेले, म्हणून त्या डॉक्टर व्हायला पेनसिल्व्हेनियात गेल्या. आणि १८८६ मध्ये पदवी घेताना प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत आजही आजीच्या बॅगेतून डिंकाचे लाडू येतात आणि बाळाच्या लशीची तारीख फ्रिजवर चिकटवलेली असते. कुणाला त्यात विसंगती वाटत नाही.

पुरोगाम्यांनी या आयांना शिकवणे थांबवावे आणि सुईणीचा खर्च विम्यात, बाळंतिणीची रजा पगारासह मागावी. आयांनीही केनेडींकडे हीच मागणी करून पाहावी. ते मंत्री झाल्यापासून संघराज्याच्या कायद्याने अमेरिकी आईला भरपगारी रजेचा एकही नवा दिवस मिळालेला नाही.