जुन्या राऊटरचं वायफाय आधी बंद करा

पालक सभेत अभ्यास, गुण आणि शिस्त हे विषय ठरलेले असतात. अलीकडे त्यात वायफायही येऊन बसलं आहे. दिवाळीनंतरच्या सभेत नववीतल्या एका मुलाची आई सगळे गेल्यावर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, आम्ही घरात नवीन मेश बसवलं. रात्री दहाला ॲपमधून याच्या फोनचं नेट बंद होतं, मी स्वतः बघते. तरी हा साडेबारा-एकपर्यंत जागा असतो. मोबाइलला रिचार्जसुद्धा मारलेला नाही. मग हा बघतो कशावर?"

हा मुलगा माझ्या पहिल्या तासाला पेंगतो, हे मलाही माहीत होतं. मी विचारलं, नेट कंपनीने दिलेला जुना डबा अजून चालू आहे का? "हो, तो तर लागतोच ना. त्याच्यावरच नवीन जोडलंय." बरं, त्या डब्याचं वायफाय बंद केलं का? त्यांना प्रश्नच कळला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. डब्याच्या खाली चिकटवलेल्या स्टिकरवर जुन्या वायफायचं नाव आणि पासवर्ड छापलेला होता. मुलाने तो कधीच वाचून ठेवला होता. दहा वाजता मेश बंद झालं की पठ्ठ्या जुन्या वायफायवर जायचा. मला त्याचं थोडं कौतुकच वाटलं. आईला अर्थात तसं बोलले नाही.

त्यानंतर चार-पाच पालकांना विचारलं. ज्यांनी मेश घेतलं होतं, त्यांच्यापैकी एकानेही जुनं वायफाय बंद केलेलं नव्हतं. यात त्यांची चूक नाही. खोक्यावर लिहिलेलं असतं, वायर लावा, ॲप उघडा, झालं. जुन्या डब्याचं काय करायचं हे कोणी सांगत नाही आणि नेट चालू झालं की आपणही विचारत नाही. म्हणून हा लेख.

कंपनीचा डबा एकाच वेळी तीन कामं करतो. फायबरमधून आलेल्या प्रकाशाचं विजेच्या संकेतात रूपांतर करतो. घरातल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला एक अंतर्गत पत्ता देतो आणि कोणाचं काय बाहेर जातंय, काय आत येतंय याचा हिशेब ठेवतो. हे खरं राऊटरचं काम. आणि तिसरं, वायफाय सोडतो. पहिलं काम आपलं मेश करू शकत नाही, म्हणून जुना डबा काढता येत नाही. पण दुसरं आणि तिसरं काम मेशही करतं. म्हणजे घरात दोन राऊटर आणि दोन वायफाय झाले. एकाच वर्गाला दोन वर्गशिक्षक, दोघांकडे वेगवेगळी हजेरी आणि वेगवेगळे रोल नंबर, असा प्रकार. दहाची शिस्त एका सरांची. दुसऱ्या सरांना ती माहीतच नाही.

या दुहेरी कारभाराला डबल नॅट म्हणतात. गंमत म्हणजे त्यात यूट्यूब चालतं, दीक्षा ॲप चालतं, व्हिडिओ कॉल होतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. अडतं ते घरातल्या घरात. प्रिंटर जुन्या वायफायवर आणि लॅपटॉप मेशवर असेल तर बऱ्याचदा प्रिंटर सापडत नाही. काही ऑनलाइन गेम्स कुरकुर करतात. आणि काही जण हुशारीने दोन्ही वायफायला एकच नाव आणि एकच पासवर्ड देतात. मग फोन मनाला येईल तसा इकडून तिकडे उडी मारतो, प्रत्येक उडीला त्याचा पत्ता बदलतो आणि चालू असलेला कॉल तुटतो. खापर मात्र मेशवर फुटतं.

आता उपाय. नेटवर शोधलंत तर तांत्रिक मंडळी सांगतील की डबल नॅट म्हणजे पाप, ताबडतोब मेश 'ॲक्सेस पॉइंट मोड'वर टाका. या मोडमध्ये हजेरी फक्त जुना डबा ठेवतो आणि मेश नुसतं वायफाय पसरवतं. व्यवस्था म्हणून हे स्वच्छ आहे. पण बऱ्याच मेश संचांत हा मोड निवडला की मुलांसाठीची वेळेची बंधनं आणि साइट अडवण्याची सोय निघून जाते, कारण हिशेब ठेवण्याचं कामच मेशकडे उरत नाही. ज्या सोयीसाठी पालकांनी पैसे मोजले, तीच जाते.

दुसरा मार्ग ब्रिज मोडचा. त्यात कंपनीचा डबा फक्त प्रकाशाचं रूपांतर करतो, बाकी सगळं मेशकडे. हा मार्ग सगळ्यात सरळ, पण तो कंपनीच्या हातात आहे. जोडणीचं युजरनेम-पासवर्ड मेशमध्ये भरावं लागू शकतं, आणि त्याच डब्यावर लँडलाइन किंवा टीव्हीचा बॉक्स असेल तर तो बंद पडू शकतो. काही कंपन्या करून देतात, काही फोनवर अर्धा तास थांबवून नाही म्हणतात.

म्हणून माझं मत जरा वेगळं आहे. कंपनी ब्रिज मोड देत असेल तर उत्तम. देत नसेल आणि घरात शाळकरी मुलं असतील, तर डबल नॅट राहू द्या, मेशला राऊटर म्हणूनच चालवा, पण जुन्या डब्याचं वायफाय बंद करा. प्रिंटर, टीव्ही, जे काही वायफायवर होतं ते सगळं मेशवर घ्या. टीव्हीचा बॉक्स वायरने जुन्या डब्याला लावला असेल तर फोनवरचं टीव्हीवर दाखवताना तो सापडणार नाही, तेवढं लक्षात ठेवा. इतकं केलं की डबल नॅटचा त्रास घरगुती वापरात जवळपास जाणवत नाही. घरात पोरंबाळं नसतील, किंवा जागा शाळेची असेल, तर मात्र ॲक्सेस पॉइंट मोडच बरा.

वायफाय बंद कसं करायचं? ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता टाकायचा. तो स्टिकरवर असतो, अनेकदा १९२.१६८.१.१ असा. लॉगिन करून वायरलेस किंवा डब्ल्यूलॅन असं लिहिलेल्या भागात जायचं. तिथे २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन वेगळी वायफाय असतात, दोन्ही बंद करायची. एक बंद करून दुसरं विसरणारे मी पाहिलेत (त्यात मीही आहे). काही कंपन्यांचं हे सगळं त्यांच्या ॲपमधून होतं. लॉगिन मिळत नसेल तर ग्राहक सेवेला फोन करून 'फक्त वायफाय बंद करून द्या' म्हणा. ब्रिज मोडपेक्षा ही मागणी सोपी असते. आणि त्याच वेळी डब्याच्या लॉगिनचा छापील पासवर्ड बदला. काही डब्यांवर वायफायचं बटणच असतं, आणि रिसेटचं भोक तर असतंच. टाचणीने दाबलं की सगळं मूळपदावर, वायफाय पुन्हा चालू. दुरुस्तीला आलेला माणूसही तपासताना ते चालू करून जातो. म्हणून महिन्यातून एकदा फोनच्या वायफाय यादीत जुनं नाव दिसतंय का ते बघा.

खरं तर हे सगळं मेश घेतल्यानंतरचं. त्याआधीची एक गोष्ट बरेच जण करत नाहीत आणि पैसे घालवतात. मेश वेग वाढवत नाही. लॅपटॉप लॅन केबलने थेट कंपनीच्या डब्याला जोडून वेग मोजा. तिथेच प्लॅनइतका वेग मिळत नसेल तर तक्रार कंपनीकडे करायची, दुकानात जायचं नाही. तिथे मिळतोय आणि मागच्या खोलीत मिळत नाही, तर अडचण भिंतींची आहे.

नववीच्या वर्गाला मी हेच सुट्टीत करायला दिलं होतं. घराचा साधा नकाशा काढा, प्रत्येक खोलीत दारं उघडी आणि बंद ठेवून तीन-तीन वेळा वेग मोजा, सरासरी लिहा. मुलांनी जे आणलं ते पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त शिकवून गेलं. २.४ गिगाहर्ट्झची तरंगलांबी साधारण १२.५ सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झची साधारण ६ सेंटिमीटर. पहिली भिंतीपलीकडे जास्त टिकते, दुसरी वेग जास्त देते पण भिंतीत दमते. हे फळ्यावर सांगून कोणाला काही वाटत नाही. पण "मॅडम, आमच्या लोखंडी कपाटामागे काहीच येत नाही" असं एका मुलीने सांगितलं तेव्हा वर्ग ऐकायला लागला. स्लॅबमधल्या सळया, मोठा आरसा, पाण्याची टाकी ही तशीच मंडळी. आमच्या घरी डबा टीव्हीच्या मागे, कोपऱ्यात होता. कंपनीच्या माणसाला बोलावून तो मधल्या पॅसेजमध्ये उंचावर घेतला आणि मेशची गरजच उरली नाही. (फायबरची वायर स्वतः ओढू नका, आत काच असते, जास्त वाकली की संपलं.)

तरीही मेश लागतंच अशी घरं आहेत. वाड्यासारखी लांबलचक, जाड दगडी भिंतींची, किंवा दोन मजली. तिथे दोन गोष्टी सांगेन. दुसरा नोड जिथे रेंज येत नाही तिथे ठेवायचा नसतो. जिथपर्यंत चांगली रेंज येते तिथे, म्हणजे मध्ये कुठेतरी ठेवायचा. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? आणि शक्य असेल तर दोन नोड लॅन केबलने जोडा. बिनवायरचा साधा नोड त्याच रेडिओवर घेतो आणि त्याच रेडिओवर पुढे देतो, त्यात वेग निम्म्यावर येतो. केबल टाकायला एक दिवस जातो, पटाशी-हातोडीचा आवाज होतो, पण ते काम एकदाच करायचं असतं. अजून एक: लाइट गेली की काही घरांत कंपनीच्या डब्याला छोटा यूपीएस असतो, पण मेशच्या नोडला नसतो. वायफाय आता नोडच सोडतोय, त्यामुळे डबा जिवंत असूनही घरात नेट नाही. परीक्षेच्या दिवसांत हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आमच्या शाळेत लोकवर्गणीतून मेश आलं. तीन नोड, सगळे राऊटर मोडवर, ऑफिसचा प्रिंटर मात्र जुन्या वायफायवर. दोन महिने सर लोक पेन ड्राइव्ह घेऊन ऑफिसात प्रिंट काढायला येत होते आणि मेश कुचकामी आहे असं स्टाफरूममध्ये ठरूनही गेलं होतं. शेवटी संगणकाच्या सरांनी एका शनिवारी ॲक्सेस पॉइंट मोड निवडला, जुन्या डब्याचं वायफाय बंद केलं आणि प्रिंटर नव्या वायफायवर घेतला. काम वीस मिनिटांचं होतं.

आता त्या नववीच्या मुलाचं. काही पालक म्हणतात, गुपचूप बंद करून टाका, कळायलाच नको. मला हे पटत नाही. जो मुलगा स्टिकर वाचतो तो उद्या रिसेटचं भोकही शोधेल, किंवा बाबांचा हॉटस्पॉट वापरेल, किंवा फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन फोनचा वायफायला दाखवला जाणारा पत्ता बदलेल. मग मेशला तो नवीनच कोणीतरी वाटतो आणि बंधन लागू होत नाही. मी त्या आईला म्हटलं, हे काम त्यालाच करायला सांगा, तुम्ही शेजारी बसा. तसं झालं. त्यानेच लॉगिन केलं, दोन्ही वायफाय बंद केली, वर आईला विचारलं, "दहाच का?" थोडी घासाघीस झाली म्हणे. आता साडेदहा ठरलं आहे, शनिवारी अकरा.